मागून कायम झालेले भाऊ

“कागदाले तोंड असते, आन् बूडबी असते. आधी कोनतं कुठं हाय ते पाहा, मंग घाला.”

आमच्या कार्यालयात कोणीही कागद घेऊन प्रिंटरकडे निघालं, की भाऊ स्टुलावरून उजवा हात वर करायचे, चौकातला पोलीस करतो तसा. माणूस थांबला की तोच हात पालथा व्हायचा, बोटं मशीनकडे वळायची, आणि घोरपड बिळात शिरते तसा तो हवेतल्या हवेत पुढे सरकायचा. तळहात म्हणजे कागदाचं तोंड, बोटं म्हणजे डोकं. मनगट म्हणजे काय, ते वरच्या वाक्यात आलंच आहे. मी बाईमाणूस, सारखं सारखं लिहीत नाही.

भाऊंचं नावही मी लिहीत नाही. वर्ध्याजवळ नालवाडीत त्यांची नातवंडं आहेत, शिकलेली आहेत, आणि पुढे जे सांगणार आहे त्यात या बुडाचा उल्लेख बराच आहे.

भाऊ आमचे दप्तरी. दप्तरी म्हणजे शिपायाच्या एक पायरी वर आणि बाबूच्या दोन पायऱ्या खाली. फायली, रजिस्टरं, शिक्के, डिंक, सुतळी आणि कागद यांचा धनी. वर्ध्यातल्या एका अध्यापक विद्यालयाचं ते कार्यालय. तिथं मी टायपिस्ट. दहावी पास. टायपिंग शिकले ती शेजारणीच्या मुलीचं पुस्तक पाहून, खाटेच्या कडेच्या फळीवर बोटं आपटत. पुढे संगणक आला तेव्हा तोही तसाच शिकले, सगळे जेवायला गेले की हळूच चालू करून. पण माझं राहू द्या, गोष्ट भाऊंची आहे.

भाऊ उंच, किंचित वाकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि पोराला सांगून ठेवलं होतं की कागदाला पाय लावायचा नाही, शिकला नाहीस तरी. पोरगा सातवीत सुटला, पण बापाचा शब्द पाळला. कार्यालयात खाली पडलेला कागद भाऊ दोन हातांनी उचलायचे. आणि उचलून त्याला शिव्या द्यायचे. “कायले लोळून राह्यला बे? बापाचं घर हाय?”

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्याकडे लेझर प्रिंटर आला. त्याआधीचा प्रिंटर दोन्ही काठांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर करकर करत छापायचा. त्याला तोंडबिंड काही नव्हतं, एका टोकानं घातलं की दुसऱ्या टोकानं निघायचं. नवा आला तो खोक्यातून, पिशवीत गुंडाळलेला, नव्या नवरीसारखा. नागपूरहून एक टायवाला माणूस आला, जोडणी करून गेला, जाताना इंग्रजीत दोन वाक्यं बोलला. ती वाक्यं बडे बाबूंनी मान हलवून ऐकली. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. न समजलेल्या गोष्टीला ते जास्त जोरात मान हलवायचे, हे मला तेव्हाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर पहिलं पत्र काढायचं होतं. बडे बाबूंनी कागद घातला. पत्र उलटं आलं. संस्थेचं नाव तळाशी, त्यावर “आपला विश्वासू” चढून बसलेला. बडे बाबूंनी कागद पलटवला. आता मजकूर मागच्या कोऱ्या बाजूला. परत फिरवला, परत उलटं. परत पलटवला, परत मागं. एका कागदाचे चार प्रकार होतात हो. तोंड वर की खाली, डोकं आत की बाहेर. बडे बाबू त्यातल्या दोनच प्रकारांत दुपारपर्यंत फिरत राहिले, घाण्याच्या बैलासारखे. शेवटी म्हणाले, “मशीनच डिफेक्टिव्ह आहे यार. वापस भेजो.”

भाऊ कोपऱ्यातून पाहत होते. उठले, बाहेर जाऊन तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला, चूळ भरली, हात पुसले. एक कोरा कागद घेतला. पेन्सिलीनं एका बाजूला लिहिलं ‘तोंड’. त्याच बाजूला वरच्या काठाला लिहिलं ‘डोकं’. खालच्या काठाला काय लिहिलं ते तुम्ही ओळखलंच. घातला. मला म्हणाले, “ताई, काईबी छापा.” मी ‘अ आ इ ई’ छापलं. कागद आला, भाऊंनी पाहिला, फिरवून परत घातला. तिसऱ्या खेपेला ‘अ आ इ ई’ बरोबर ‘तोंड’ लिहिलेल्या बाजूला, ‘डोकं’ लिहिलेल्या काठाखाली.

“पालथा,” भाऊ म्हणाले. “पोराले मालिश कराले निजवते ना, तसा. पोटावर. डोकं आत.”

बडे बाबू म्हणाले, “मीही तेच सांगत होतो.”

पण मशीनच्या पोटात आणखी एक वाकडेपण होतं. खाली कागदाचा ड्रॉवर, तिथं पालथा घालायचा. आणि वर, पुढच्या बाजूला एक चीर होती, एकेक कागद हातानं सारायला. तिथं मात्र उताणा! एकाच मशीनची दोन तोंडं, एकाला पालथं लागतं, एकाला उताणं. आता हे लक्षात कसं राहावं? भाऊंनी भिंतीवर दोन चित्रं काढून चिकटवली. ड्रॉवरच्या बाजूला एक माणूस पालथा निजलेला, चिरेच्या बाजूला एक माणूस उताणा, मिशीवाला. दोघांचंही डोकं मशीनकडे. पालथ्या माणसाचं मागचं अंग भाऊंनी फार मन लावून काढलं होतं.

प्राचार्य आले, चित्राकडे पाहत उभे राहिले. “याला काही नेसवा,” म्हणाले आणि गेले. भाऊंनी पेन्सिलीनं पट्ट्यापट्ट्यांची चड्डी काढली. पुढं तपासणीला एक साहेब आले, त्यांनी विचारलं, “योगाचे वर्ग घेता वाटतं?”

“नाई साहेब,” भाऊ म्हणाले, “ते लेटरहेड हायत.”

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आर्वी तालुक्यातले, रोहण्याकडचे मोठे शेतकरी. सगळे त्यांना दादासाहेब म्हणायचे. वर्ध्याला यायचे ते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. पत्रांना सही तर रोज लागायची. मग त्यांनी एक रीत पाडली होती. आले की पंख्याखाली बसायचे, चहा मागवायचे, आणि एका बैठकीत वीस-पंचवीस कोऱ्या लेटरहेडवर खाली उजव्या कोपऱ्यात सह्या ठोकायचे. “मजकूर तुम्ही भरा बावा, माझी सही आहेच.” असं चालतं का? चालत होतं. तुमच्याही ओळखीच्या एखाद्या संस्थेत चालत असेल, फक्त तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

ते सही केलेले कागद भाऊंच्या ताब्यात, कपाटात, किल्लीखाली. भाऊ त्यांना ‘लग्न झालेले कागद’ म्हणायचे. “हे बिनलग्नाचे, कितीबी उधळा. ते लग्न झालेले हायत, त्याइले हात लावताना जपून.” लग्न झालेला कागद उलटा गेला की संपलाच. सहीच्या डोक्यावर मजकूर, नाहीतर पाठीवर. एकदा बडे बाबूंनी एका दिवसात असे तीन कागद वाया घालवले. दादासाहेब भडकले. म्हणाले, “यापुढे सहीचा कागद ज्याच्या हातून खराब होईल, त्याला त्या मशीनपासून उठवा.” बडे बाबूंना त्यांच्या खुर्चीवरून कोण उठवणार? उठवलं असतं तर मला. बडे बाबूंची एक भाची पदवीधर होती, सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. ती अधूनमधून यायची आणि माझ्या खुर्चीकडे असं पाहायची, जशी बसमध्ये उभी असलेली बाई पुढच्या स्टॉपला उतरणाऱ्या बाईकडे पाहते.

तेव्हापासून सहीचा कागद घालायचे ते भाऊच. सगळी वर्षं, एकही कागद उलटा गेला नाही. एकही! हा त्यांचा एकच गर्व. बाकी गर्व करण्यासारखं त्यांच्याजवळ काय होतं? चौदा वर्षं ते तात्पुरते होते.

तात्पुरतं म्हणजे असं, की दरवर्षी अकरा महिने आणि काही दिवसांची नेमणूक, मग एक दिवस तोडायचा, म्हणजे सलग नोकरी दिसू नये. त्या एका दिवशी भाऊ कार्यालयाचे कोणी नसायचे. पण घरी बसवत नव्हतं. सायकल घेऊन यायचे, आणि उंबरा ओलांडायचे नाहीत. नियम तो नियम. खिडकीबाहेर जांभळाच्या झाडाखाली उभे राहायचे आणि गजांतून आत पाहायचे. मी कागद घेऊन उठले की बाहेरून आवाज यायचा, “पालथा! पालथा घाला, ताई!”

बडे बाबू ओरडायचे, “तू आज नोकरीत नाहीस!”

“मी का नोकरी करून राह्यलो? मी तर रस्त्यानं जाऊन राह्यलो होतो.”

“मग जा ना रस्त्यानं.”

“जातो ना. तेवढा कागद निघू द्या.”

पंधराव्या वर्षी पद मंजूर झालं. शिक्षण कार्यालयातून पत्र आलं की दप्तरीचं एक पद मान्य, संस्थेनं कायम नेमणुकीचा आदेश अध्यक्षांच्या सहीनं अमुक शुक्रवारी कार्यालय सुटायच्या आत पोचवावा, नाहीतर पद रद्द समजण्यात येईल. हे पत्र बडे बाबूंच्या टेबलाच्या खणात आठ दिवस झोपून होतं, कारण बडे बाबू साळ्याच्या लग्नात होते. ते उघडलं गुरुवारी संध्याकाळी. दादासाहेब बायकोला घेऊन चारधामला गेलेले. तेव्हा मोबाइल काही डोंगरावर लागत नव्हता. कपाटात लग्न झालेला कागद उरला होता एक.

एक म्हणजे एकच. भाऊंनी तो शुक्रवारी दुपारी कपाटातून काढला तेव्हा दोन्ही तळहातांवर धरून आणला, प्रसादाच्या ताटासारखा. मी आदेश टाइप करून ठेवला होता. बडे बाबू, प्राचार्य, दोन शिक्षक, सगळे मशीनभोवती जमले. वीज यायची-जायची ते दिवस होते, तासाभरानं जाणार हे ठरलेलं.

“घाला भाऊ,” मी म्हटलं.

भाऊ मागे सरले. “माह्या हातानं नाई, ताई. आपल्याच लग्नात आपन भटजी होते का? तुमी घाला.”

मी खूप म्हटलं. नाही म्हणजे नाही. ड्रॉवरमध्ये साधे कागद भरलेले होते, म्हणून बडे बाबू म्हणाले, “ऊपर से डालो, सिंगल.” मी कागद घेतला. शंभरदा हे केलेलं, हात आपोआप चालणारा. सगळे पाहत होते. माझ्या मनात एकच, पालथा, डोकं आत. पालथा, डोकं आत. आणि मी तो कागद वरच्या चिरेत पालथा सारला.

मशीन गुरगुरलं. कागद आला. वरती लेटरहेड, खाली दादासाहेबांची सही, आणि मध्ये काही नाही. मधलं सगळं पाठीवर होतं.

मी भिंतीकडे पाहिलं. मिशीवाला उताणा माणूस चिरेच्या बाजूलाच होता, माझ्याकडे पाहत.

बडे बाबू म्हणाले, “हो गया काम.”

मी खुर्चीवर बसले आणि रडायला लागले. चौदा वर्षं या माणसानं वाट पाहिली आणि मी एका फटक्यात त्याची वाट लावली. भाऊंनी तो गरम कागद उचलला. पुढून पाहिला. मागून पाहिला. मजकूर नीट वाचला, ओठ हलवत, आपलं नाव आलं तिथं थांबले. मग म्हणाले, “छपाई तर झकास आली ना, ताई. मी कायम झालो. फक्त मांगून झालो.”

प्राचार्य हसले आणि लगेच खोकले.

बडे बाबू जवळ आले, हलक्या आवाजात म्हणाले, “दुसऱ्या लेटरहेडवर काढा. दादासाहेबांची सही मी मारतो. मला जमते.” जमत होती, मी पाहिलेली होती.

भाऊ म्हणाले, “नाई, बाबूजी.”

“अरे, तुझ्याच भल्यासाठी!”

“चवदा वर्सं तात्पुरता होतो, पन खरा होतो. खोट्या सहीनं कायम झालो तं रोज इथं येऊन का तोंड दाखवू?” आणि मग सवयीप्रमाणे तोंडाच्या जोडीला ते दुसरं अंगही जोडलं. बडे बाबू लाल झाले.

कोऱ्या कागदावर आधीच सही घेऊन ठेवणाऱ्या आमच्या कार्यालयात खऱ्या-खोट्याची रेघ कुठं होती, हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. पण भाऊंची होती.

रडता रडता माझ्या डोक्यात माझ्या बापाची पोस्टकार्डं आली. बाप बारीक अक्षरात लिहायचा, तरी जागा पुरायची नाही, मग खालच्या कोपऱ्यात लिहायचा, ‘मागे पाहा’. मी नाक पुसलं आणि म्हटलं, “पुढच्या बाजूला एवढंच छापू या ना. विषय, जावक क्रमांक, आणि ‘आदेशाचा मजकूर मागील पानावर’. सही खाली आहेच.”

प्राचार्य विचारात पडले. बडे बाबू म्हणाले, “ऐसा कहीं होता है?” प्राचार्य म्हणाले, “होत नाही असं कुठं लिहिलं आहे?” हे वाक्य मी आयुष्यात पुढे फार वापरलं.

आता अडचण निराळी. एकदा मशीनमधून गेलेला कागद भाजल्या पापडासारखा वळतो. वळलेला कागद परत घातला की आत अडकतो, आणि ओढून काढला की फाटतो. भाऊंनी तो दोन जाड रजिस्टरांच्या मध्ये ठेवला, रजिस्टरं स्टुलावर ठेवली, आणि वर स्वतः बसले.

“किती वेळ?” प्राचार्यांनी विचारलं.

“दहा मिनिटं, सायेब. माह्यं वजन कमी हाय. बाबूजी बसले तं पाचात होईल.”

बडे बाबू बसले नाहीत. आम्ही सगळे उभे राहून भाऊंना बसलेलं पाहत राहिलो. मी मजकूर टाइप केला, चारदा वाचला. घड्याळात चार वाजून गेले. भाऊ उठले, कागद काढला, बोटानं कडा चाचपल्या.

“आता मीच घालतो,” म्हणाले. “लग्न लागून गेलं. आता फक्त वरात हाय.”

उताणा. डोकं आत. मशीननं कागद ओढला, मध्ये एकदा थांबलं, आणि मग कागद सरसर बाहेर आला. विषय जागेवर. क्रमांक जागेवर. ‘आदेशाचा मजकूर मागील पानावर’ ही ओळ सहीच्या बोटभर वर. आणि दिवे गेले.

माझ्या मोपेडवर आम्ही शिक्षण कार्यालयात गेलो. मी पुढे, भाऊ मागे, छातीशी फाइल धरून. रस्त्यानं लोक पाहत होते. भाऊ मागून सांगत होते, “ताई, खड्डा. ताई, गाय. ताई, दुसरी गाय.” आवकच्या खिडकीवरचे बाबू खुर्चीवरून उठतच होते. त्यांनी कागद पुढून पाहिला, मागून पाहिला, परत पुढून पाहिला.

“हे काय आहे?”

भाऊ म्हणाले, “सायेब, कागद वाचवला. सरकारच सांगून राह्यलं ना, दोनी बाजूनं लिहा.”

बाबूंनी चष्मा काढला, भाऊंकडे पाहिलं, चष्मा घातला. “शिक्का कोणत्या बाजूला मारू?”

“मारून टाका दोनीकडून. लाजू नका.”

त्यांनी दोन्हीकडून मारला. पाच वाजायला सात मिनिटं होती. भाऊ बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मग मी खोटी ठरले असते.

पंधरा दिवसांनी दादासाहेब चारधामहून आले, गंगाजल वाटलं, आणि फाइल पाहताना त्यांची नजर मंजूर होऊन परत आलेल्या त्या आदेशावर गेली. “हा कागद उलटा कोणी घातला?”

मी उभी होते. तोंड उघडलं. खरं सांगते, उघडलं होतं. पण दारात बडे बाबूंची भाची आलेली होती, त्यांचा डबा घेऊन. मी तोंड मिटलं.

“माह्याच हातून गेला, दादासायेब,” भाऊ म्हणाले.

“तुझ्या हातून?”

“आनंदात भान राह्यलं नाई.”

दादासाहेब मोठ्यानं हसले. माफ करून टाकलं. बडे बाबूंना खरं माहीत होतं, प्राचार्यांनाही, पण भाऊंनी सांगितलेलं कोणी खोडलं नाही. मी त्यांना जिन्याखाली गाठलं, म्हटलं, “भाऊ, काऊन असं केलं?”

“ताई, चवदा वर्सं मले चूक कराची सोय नव्हती. एक चूक, आन् घरी. आता मी कायम. मले कोन काढते? एक तं करून घेऊ द्या.”

मला हसू आलं, आणि मी त्या हसण्यामागं लपले. पण पुढं काय झालं, पाहा. दादासाहेबांनी ती गोष्ट संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगितली. जन्मभर दुसऱ्याचे कागद सरळ घालणाऱ्यानं स्वतःचाच उलटा घातला! लोक पोट धरून हसायचे. नवे शिक्षक, ज्यांनी तो शुक्रवार पाहिला नव्हता, ते भाऊंना हाक मारायचे, “काय भाऊ, तोंड कोणतं?” भाऊ हात वर करून, पालथा करून दाखवायचे, आणि हसायचे. त्यांचा तो एकच गर्व होता, तो त्यांनी माझ्या खुर्चीखाली पाचर म्हणून ठोकला. मी त्या खुर्चीवर निवृत्तीपर्यंत बसले. कधी बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू, करत वर्षं गेली.

भाऊ निवृत्तीला दोन वर्षं असताना गेले. उन्हाळ्यात, सकाळी, सायकलला हवा भरता भरता. मी त्याआधीच निवृत्त झाले होते. महिन्याभरानं त्यांच्या बायकोचा निरोप आला, वहिनींचा, की पेन्शनच्या कागदांसाठी कार्यालयात जायचं आहे, सोबत चला.

कार्यालयात सगळं बदललेलं. भिंतीला नवा रंग, दोन्ही निजलेली माणसं गेलेली. माझ्या जागी एक चुणचुणीत मुलगी. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, भाऊंचं सेवापुस्तक काढलं. त्यात आत लावलेला तो आदेश निघाला, दोन्हीकडून शिक्के असलेला. मुलीनं पुढून पाहिला, उलटला, आणि तिला हसू फुटलं.

“अच्छा, हेच का ते! ज्यांनी स्वतःचाच कागद उलटा घातला होता? सर अजून सांगतात.”

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. वहिनीही हसल्या, सवयीनं.

“त्यांनी नाही घातला,” मी म्हटलं. “मी घातला.”

मुलगी म्हणाली, “बरं, बरं,” आणि अर्ज शोधायला लागली. तिला त्याचं काय? पण वहिनी माझ्याकडे वळल्या.

“तुमी?”

“मी. वहिनी, नोकरी जाईल म्हणून बोलले नाही. त्यांनी अंगावर घेतलं. घरी सांगितलं असेलच त्यांनी.”

“नाई व,” वहिनी म्हणाल्या. “घरीबी म्हनत, माह्याच हातून गेला.” त्यांनी पुस्तकातल्या त्या कागदावरून बोट फिरवलं. “मीबी लय चिडवलं त्याइले, ताई. भाजीत मीठ कमी झालं, का त्याइनं काई म्हटलं, का मी म्हनो, तुमाले कागद तरी सरळ घालता आला का? तं हासत.”

मला वाटलं, आता त्या मला काही बोलतील. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि त्या मुलीला म्हणाल्या, “बाई, हे याच्यात लिहा लागते. त्याइनं उलटा नाई घातला म्हनून.”

मुलगी घाबरली. “आजी, सेवापुस्तक आहे. असं काही लिहिता येत नाही. त्याला रकानाच नाही.”

“रकाना आहे,” मी म्हटलं. “शेरा.”

तिनं एकदा माझ्याकडे, एकदा वहिनींकडे पाहिलं. मग उठली, म्हणाली, “मी चहाचं सांगून येते,” आणि पेन टेबलावर ठेवून गेली. शहाणी मुलगी. देव तिचं भलं करो.

मी पेन उचललं. अक्षर चांगलं यावं म्हणून हात एकदा झटकला. लिहिलं, ‘सदर आदेशाचा कागद यांनी उलटा घातला नव्हता. तो मी घातला होता. यांच्या हातून सेवेत एकही कागद उलटा गेला नाही.’ खाली माझी पूर्ण सही, तारीख.

वहिनींना वाचता यायचं, पण चष्मा घरी राहिला होता. म्हणाल्या, वाचा. मी वाचलं. त्या खिडकीबाहेर पाहत ऐकत होत्या.

“आनखी एक डाव वाचा,” म्हणाल्या. “जरा जोरानं.”